नवा शेवट

एक रिकामी सुटकेस. राखाडी कोट. चित्रपटाच्या चाचणी खेळाला आलेल्या प्रेक्षकाची चिठ्ठी: ‘बायकोनं घरी परतायलाच हवं.’

“हेझेल, पोरी,” निर्माते ब्रँड्टसाहेब म्हणाले, “नवा शेवट आजच जोड. बाई घरी आली नाही, तर उद्यापासून तू घरी.”

“आणि तिला यायचंच नसेल तर?”

“तिला कोण विचारतंय?”

हॉलिवूडमधल्या त्या संकलनाच्या खोलीत हेझेलनं फीत लावली. राखाडी कोटातली नायिका पाठमोरी दारातून आत गेली. मग सुटकेस घेऊन, मान खाली घालून, बाहेर आली.

हेझेलनं तेवढा तुकडा कापला. फीत परत लावली. ती पुन्हा बाहेर आली, या वेळी आणखी जवळ.

हेझेलनं यंत्र बंद केलं. बाई थांबली नाही. ती मान वर करू लागली.

या नव्या शेवटाच्या चित्रणाच्या दिवशी नटी आलीच नव्हती. तिचा कोट घालून आत गेली होती ती हेझेल.