दुसऱ्या वेळची सुई

“कोणाचा भरोसा बसणार नाही पुंडलिक, पण त्या मशीनमंदी पडल्या पडल्या मी लेंगी म्हटली!” तांड्यावरच्या खेमसिंगनं मांडीवर थाप मारली. “आमचं होळीचं गाणं. अन् डॉक्टरनं बाहीरून ताल धरला.”

महागावच्या स्टँडवर यवतमाळची बस उभी होती. सून उज्ज्वला खिडकीतून हाका मारून दमली. पुंडलिकराव बाकावरून हलेनात. त्यांच्या प्रोस्टेटची एक बायोप्सी झाली होती. बारा जागी सुई टोचून तुकडे काढले, कॅन्सर सापडला नाही. पण रक्ततपासणीतला प्रोस्टेटचा आकडा चढतच होता. आता डॉक्टर म्हणे, आधी एमआरआय काढू, मग संशय दिसेल तिथंच सुई घालू.

“एकडाव टोचलं ना. आता अजून कायले?” पुंडलिकराव पुटपुटले.

“अबे, पैनगंगेतले टरबुजं आठव.”

पुंडलिकरावांच्या मिशीचं टोक हललं. भर दुपारी वाळू पाय भाजायची. राखणदार खोपीत घोरायचा. दोघं पोटावर सरपटत डांगरवाडीत, नदीतल्या टरबुजांच्या मळ्यात, शिरायचे आणि कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खायचे. आता त्या नदीत वाळूच राहिली नाही, टरबुजं कुठून यायची?

“तू हात लागंल तिथं चाकू खुपसे. कच्चंच निघे. मी आधी टिचकी मारू, कान लावू, मंग कापू. लालभडक! पह्यली सुई तुह्यासारखी, आंधळी. मलेही बारा जागी टोचलं, काही गवसलं नाही. दुसऱ्या डाव फोटो पाहून घातली, तं लपलेली गाठ सापडली. येळेवर सापडली, म्हणून तं तुह्यासमोर बसलो. अन् दुखणं? मुंगी चावली समज. घरी सायकलनं आलो, डबलसीट, डॉक्टरले मांगं बसवून!”

पुंडलिकराव खो खो हसले. हसता हसता उठले, धोतर झटकलं आणि बसची पायरी चढले. कंडक्टरनं घंटी मारली. दारातून त्यांनी मागं वळून पाहिलं. आता ते हसत नव्हते.

“खोटारड्या! तुले तं सुई कधी लागलीच नाही. बारा जागी टोचलं ते तुह्या भावाले, हिरासिंगले. अन् दुसऱ्या डाव तो गेलाच नाही. मले माहीत नाही का? त्याले खांदा मीच देल्ला.”