राखाडी कागद

शाळेला सुट्टी म्हणून धाकटी आज आईबरोबर भिंगांच्या कारखान्यात आली होती.

“आई, दिवसभर भिंतीवरच्या त्या राखाडी कागदात काय बघतेस गं?”

“राखाडी? डोळे आहेत की बटणं! काळ्या-पांढऱ्या रेघा आहेत त्या. भिंगातून जितक्या बारीक रेघा सुट्या दिसतील, तितकं भिंग चांगलं.”

“कुठायत रेघा?”

आईने हातातलं भिंग खाली ठेवलं. तिने लेकीला दोन-दोन पावलं पुढे आणलं. आठ, सहा, चार... दोन पावलांवर लेक आनंदाने ओरडली, “आल्या, आल्या!”

भिंगातला केसाएवढा दोषही वीस वर्षांत जिच्या नजरेतून सुटला नव्हता, तिने आज पहिल्यांदाच लेकीचे डोळे निरखून पाहिले. आईचा उतरलेला चेहरा बघून लेकीचाही चेहरा उतरला.

 

“आई, ज्या भिंगातून रेघा दिसत नाहीत, ते तू टाकून देतेस ना गं?”