किल्ली कुणाच्या हाती

दुसऱ्या दलालालाही लेकीनं चहा न विचारताच दारापर्यंत पोचवलं. पहिला सगळा वेळ फोनवरच बोलत होता. दुसऱ्यानं तर घर धड न बघताच भाव सांगितला. म्हणे, "आठवड्यात विकून देतो!" उतावळा मेला!

रविवारी ती आईला आपल्या घरी नेणार होती. बाबांच्या पुस्तकांसकट, भांड्याकुंड्यांसकट हे घर विकलं जाईपर्यंत दलालाच्याच ताब्यात राहणार. माणूस खोटा निघाला तर बाबांनी जन्मभर जपलेलं सगळं गेलंच म्हणायचं.

तिसरा आला तो अर्ध्या पिकल्या केसांचा, बेतानं बोलणारा. चपला बाहेर काढून तो मांजराच्या पावलांनी आत आला.

जिना चढताना त्यानं चौथी पायरी टाळली आणि थेट पाचवीवर पाय ठेवला. लेक बघतच राहिली. चौथी पायरी करकरते, हे फक्त घरच्यांना ठाऊक. माळ्याच्या दाराशी तो न सांगताच वाकला. तिथं आजवर एकाही पाहुण्याचं कपाळ वाचलं नव्हतं. कपाटामागचं बटण त्यानं न चाचपडता दाबलं.

"अहो, तुम्हाला कळतं तरी कसं?"

"अशी घरं तरुणपणापासून बघतोय, ताई. सवयीनं अंदाज येतो."

लेकीनं तोंडात बोटच घातलं. निष्णात वैद्यानं नाडी बघावी तसा हा माणूस घर बघत होता!

"आई, याला म्हणतात नजर!" खाली आल्या आल्या ती म्हणाली.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी शेंगा सोलत बसली होती. तिनं नुसतं "हं" केलं.

बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यापाशी दलाल जरा रेंगाळला.

"बाबांचं घड्याळ असायचं तिथं," लेक म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हा एका रात्री..."

"जाऊ दे गं," आई म्हणाली.

दलाल स्वयंपाकघरात गेला. तिथली खिडकी तो बराच वेळ बघत राहिला. मग पिशवीतून एक लोखंडी पट्टी काढून तो परसात गेला. दोघी आत बसलेल्या. खट् असा बारीक आवाज झाला, आतली कडी आपोआप उठली आणि खिडकी उघडली.

"अगंबाई!" लेक किंचाळलीच. "इतकी वर्षं राहिलो, आम्हाला पत्ता नाही!"

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आधी ही कडी बदला," खिडकीबाहेरून मान खाली घालून तो म्हणाला. "घर बंद राहणार. हे सांगितलं नसतं, तर मला झोप लागली नसती."

लेकीचे डोळे भरून आले. आजच्या जगात एवढं खरं कोण सांगतं? तिनं आईकडं बघितलं. आई त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"यांनाच द्यायचं," आई म्हणाली.

आईचा पदर शेंगांच्या टरफलांनी भरला होता. तो झटकून ती उठली, कमरेची किल्ली काढली आणि खिडकीतून त्याच्या हातावर ठेवली.

"या वेळी पुढच्या दारानं या," ती शांतपणे म्हणाली. "आणि ते घड्याळ अजून चालत असेल, तर येताना घेऊन या."