फाटकावरची ओळ

या, जरा जवळ सरकून बसा. टेक्सासातल्या आमच्या खडकाळ मुलखातली एका सकाळची गोष्ट सांगतो. हातातली कॉफी निवायच्या आत संपेल.

सत्तरीची हुल्डा कोथमान पावाचं पीठ मळत होती, तेव्हा ओढ्याकडून बार ऐकू आला. आणि बारापाठोपाठ एक दबका आवाज, ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. तिचे हात पिठातच थांबले. गोळी लागली होती. चाळीस वर्षं तिच्या रानात लोक पैसे भरून शिकार करत आले होते. लागलेला बार कोणता आणि हुकलेला कोणता, हे ती ओट्यापाशी उभी राहून ओळखायची.

थोड्या वेळाने कर्टिस दारात आला. भिंतीवर लावायला मोठ्या शिंगांचं डोकं हवं, म्हणून ह्यूस्टनहून येऊन आठशे डॉलर भरलेला.

"चुकला नेम, हुल्डाबाई. पळालं हरीण."

"शेपूट वर करून पळालं की दाबून? लागलेलं दाबून पळतं."

"वरच असेल."

"असेल?"

फाटकावर तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या हातची पाटी होती : माणशी एक हरीण. रक्त सांडलं, की ते तुझं.

कर्टिसने पाकीट काढलं. "पुन्हा आठशे देतो. संध्याकाळी पुन्हा मचाणावर बसू द्या मला. तुमची पवनचक्की मोडलीय, गुरांना बादल्यांनी पाणी पाजताय. तेवढीच दुरुस्ती होईल."

बोलणं खरं होतं. तिचे खांदे पहाटेपासून ठणकत होते. तिने नोटांकडे एकदा पाहिलं, हात धुतले आणि बूट चढवायला घेतले.

"कुठे निघालात?"

"तुझं हरीण शोधायला. तुला सापडत नाहीये ना."

मचाणापासून शंभर पावलांवर ती गुडघे धरून खाली बसली. ओकची पानं हलक्या हाताने बाजूला केली. चार तपकिरी केस, आणि एका पानावर रक्ताचा थेंब. पुढे आणखी एक. ती बोट दाखवत पुढे, तो मान खाली घालून मागे.

ओढ्याच्या काठाशी हरीण पडलं होतं. शिंगं जेमतेम वीतभर. बरगड्या अजून वरखाली होत होत्या.

"शिंगं केवढीशी, ते बार झाल्यावर दिसलं तुला," ती म्हणाली. विचारलं नाही.

"वाटलं, मरेल आपसूक."

"मरेल ना. दुपारपर्यंत, एकटं. संपव आता त्याचे हाल."

बार झाला. हुल्डाने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. कर्टिसचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

"राहू दे ते. पैसे घेते ते रानात बसू देण्याचे. कानात बोळे घालायचे घेत नाही मी."

हरीण खांद्यावर घेऊन तो गाडीपर्यंत गेला. नव्या कोऱ्या जाकिटावर रक्त ओघळत होतं. तिने फाटक उघडून धरलं, गाडी गेल्यावर लावलं, आणि दोन्ही बादल्या उचलल्या.

तर मंडळी, 'चुकला नेम' असं कधी तुमच्या ओठांवर आलंच, तर पिठातले हात थांबवून ऐकत उभी असलेली ती बाई आठवा.