सहा वाजून दहा मिनिटं

"आधी नुसती चावी देऊन बघा ना," हवालदार म्हणाला. "चाललं तर चाललं, नाही तर नाही. पाच मिनिटांचं काम."

घड्याळजीने पाकिटातून घड्याळ काढलं आणि दिव्याखाली धरलं. काच फुटली होती. काटे सहा वाजून दहा मिनिटांवर थांबले होते.

"काचेचा चुरा आत गेलाय," तो म्हणाला. "अशीच चावी दिली तर दाते मोडतील. मग ते धडकेनं मोडलं की माझ्या हातानं, हे तुमच्या साहेबांना कोण सांगणार? आधी उघडून साफ करतो."

"करा बुवा. हिच्यासमोर उघडायचं, असा हुकूम आहे. म्हणून तर ही वरात."

'ही' म्हणजे पकडलेल्या ड्रायव्हरची बायको. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ती अगदी कडेला बसली होती.

चार दिवसांपूर्वी सकाळी फिरायला गेलेल्या एका निवृत्त मास्तरांना कालव्याच्या रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीने उडवलं होतं. सात वाजता ते मेलेले सापडले. पावणेसातला त्याच रस्त्याने पावाची गाडी गेली होती, म्हणून त्या गाडीचा ड्रायव्हर कोठडीत होता. सहा वाजून दहा मिनिटांनी मात्र तो बेकरीत गाडी भरत होता. चार माणसांनी त्याला पाहिलं होतं. मास्तरांचं घड्याळ धडकेने थांबलं असेल, तर तो सुटणार होता. चावी संपून नंतर केव्हातरी आपोआप थांबलं असेल, तर त्या काट्यांना काही अर्थ नव्हता.

"सापडलं तेव्हा चालू होतं की बंद, एवढं तरी लिहायचं ना कुणी," ती म्हणाली.

"पंचनाम्यात 'मनगटी घड्याळ, एक' एवढंच आहे. नंतर कपाटात पडून होतं."

"लिहिलं कुणी?"

"मीच," हवालदार म्हणाला आणि भिंतीवरच्या घड्याळांकडे बघू लागला.

घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं. मागचं झाकण काढलं. खटका बाजूला करून स्प्रिंगचा ताण बोटांमधून हळूहळू उतरवला. मशीन उघडण्याआधी कुठलाही कारागीर हेच करतो. मग त्याने दोन स्क्रू सोडवले आणि बॅलन्सचं चाक चिमट्याने वर उचललं. सेकंदाला पाच वेळा इकडून तिकडे झुलणारं हे चाक म्हणजे घड्याळाचा जीव. ते त्याने बराच वेळ दिव्यासमोर धरलं.

"काका, काही मोडलेलं दिसतंय का?"

"बघू दे, पोरी."

"मोडलेलंच असू दे," ती पुटपुटली. "कुणाचं काही मोडलेलं असावं असं जन्मात पहिल्यांदाच वाटतंय."

घड्याळजीने चाक पेट्रोलच्या वाटीत सोडलं. ब्रशने चुरा झाडला. फुग्याने वारा मारला. मग खाली वाकून खण उघडला, दोन-तीन डब्या चाळवल्या, तेलाची सुई शोधली. त्याची बोटं आज नेहमीपेक्षा सावकाश चालत होती.

"चिरंजीव दिसत नाहीत?" हवालदाराने जांभई दिली. "माझ्या घड्याळाचा सेल तेच बदलतात. तुम्ही सेलच्या घड्याळाला हात लावत नाही म्हणे."

"आत पडलाय. अंगात ताप आहे."

"साथच आहे. आमच्याकडे तिघं आडवे झालेत."

चिमट्यात चाक धरून घड्याळजीने ते जागेवर टेकवलं. चाक धरून ठेवणारी वरची पट्टी बसवली, स्क्रू आवळले. पहिल्या खेपेला चाक नीट बसलं नाही. दुसऱ्या खेपेला बसलं.

"मला बघू द्याल?" तिने विचारलं.

त्याने भिंग तिच्याकडे दिलं. ती वाकून बघत राहिली. एक डोळा मिटायचा असतो, हेही तिला माहीत नव्हतं.

"किती इवलंसं आहे सगळं," ती म्हणाली. "काय बघायचं असतं तेच कळत नाही मला."

घड्याळजीने भिंग परत घेतलं. त्याने आठ-दहा वेळा चावी फिरवली.

चाक थरथरलं आणि झुलू लागलं. दुकानात इतकी घड्याळं टिकटिकत होती, तरी हा आवाज तिघांनाही वेगळा ऐकू आला.

"चालतंय," हवालदार म्हणाला.

"म्हणजे काय, काका?"

"आत काही मोडलेलं नाही. चावी संपली होती, एवढंच."

"नीट बघितलंत ना?"

"बघितलं."

तिने घड्याळ कानाला लावलं. जरा वेळ तशीच बसून राहिली, जणू ते मध्येच बंद पडलं तर बरं. ते बंद पडलं नाही. हवालदाराने ते हलकेच तिच्या हातातून घेतलं. घड्याळजीने कागदावर चार ओळी लिहून खाली सही केली.

"घड्याळजी, तुमच्या सहीवर कोर्टात कुणी बोट ठेवायचं नाही," हवालदार म्हणाला. "म्हणून तर साहेबांनी तुमचंच नाव घेतलं."

ती उठली. चप्पल पायात जाईना, तसा तिने कपाटाचा आधार घेतला.

"तुम्ही तरी काय करणार, काका," ती म्हणाली. "आहे ते आहे. खोटं थोडंच सांगणार?"

दोघं कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत घड्याळजी दारात उभा राहिला. मग त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

आतलं दार किलकिलं झालं.

"बाबा, गेले?"

"गेले." त्याने पेट्रोलच्या वाटीतून एक चाक चिमट्याने वर काढलं आणि मुलापुढे धरलं. चाकाच्या आसाचं टोक तुटलेलं होतं. "तुझ्या धडकेत हे मोडलं. मी दुसरं बसवलं. आता तेवढी गाडीच्या दिव्याची काच बदलून आण, आणि ती या गावात घेऊ नकोस."