राहून गेलेली ओळ

वैदेहीने दोन पुस्तकं निवृत्त दबीर सरांपुढे ठेवली. "इलेक्ट्रॉनिक्स शिकायला यातलं कुठलं घेऊ, सर?"

सरांनी दोन्हींतलं पॉवर सप्लायचं प्रकरण वाचलं आणि रंगीत पुस्तक बाजूला सारलं. "हे नको. बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हे यात लिहिलेलंच नाही."

"एका ओळीसाठी नको?"

"माझ्या नोट्समध्येही ती ओळ नव्हती." सरांनी पुस्तक मिटलं. "माझा विद्यार्थी अनंता खुरपे. त्याने बटण बंद केलं आणि सर्किटला हात लावला. जागीच गेला. 'बटण बंद होतं ना, सर?' त्याची आई विचारत राहिली. मी चूक त्याच्यावरच ढकलली. सव्वीस वर्षं झाली, तिचा प्रश्न अजून रोज ऐकू येतो."

"त्या आहेत अजून?"

"आहेत."

"मग त्यांना खरं सांगा. मी येते सोबत."

दार उघडणाऱ्या म्हातारीने सरांना लगेच ओळखलं. "या ना," ती म्हणाली. सरांना उंबरठा ओलांडवेना. तिथेच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने दार हळूच लावून घेतलं.