एक तरी गांडूळ

संभाजी आबांनी मनगटापर्यंत हात गॅलरीतल्या खताच्या क्रेटमध्ये घातला आणि तेवढ्यात बाथरूमचा नळ बंद झाला.

म्हणजे सूनबाई आता बाहेर येणार. मुठीत आलं ते सगळं, भाज्यांची सालं, ओला कागद, गांडुळं, आबांनी स्टीलच्या डब्यात कोंबलं. क्रेटवर ओलं पोतं होतं तसं पांघरलं आणि डबा सदऱ्याखाली धरून ते चपला शोधू लागले. एक सापडली, दुसरी सापडेना. सत्तर वर्षांत ज्यानं कुणाच्या बांधावरची काडी उचलली नव्हती, तो माणूस स्वतःच्याच सुनेच्या गॅलरीतून गांडुळं चोरत होता.

कारण तसंच होतं. मांजरी गावातलं त्यांचं रान इमारतींखाली गेलं होतं आणि त्यातल्याच एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आबा राहत होते. उरले होते कुंपणापलीकडचे दहा गुंठे. ते आबांनी मागेच मुलाच्या, रोहनच्या नावावर करून दिले होते, आणि आता बिल्डरला ते पार्किंगसाठी हवे होते. रोहन काही वाईट मुलगा नव्हता. तीन वर्षं त्या तुकड्यावर सिमेंट कालवलं होतं, राडारोडा पडला होता. आबांनी तो उचलून घेतला तरी तिथं धड तणही उगवत नव्हतं. माती मेलीय, असं रोहन म्हणाला.

"मेली न्हाय. निजलीया," आबा म्हणाले.

"मग दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी स्वतः खणतो. एक तरी जिवंत गांडूळ निघालं, तर मी सही करणार नाही. शब्द दिला."

तेव्हापासून आबांच्या पायाला भिंगरी लागली. रोज सकाळी डबा, लिफ्ट, कुंपणाची फट. कुदळीनं खळगा काढायचा, डबा रिता करायचा, वर पालापाचोळा, वर बादलीभर पाणी. आज इथं, उद्या तिथं. घरी जेवायला बसले तरी दोन घासांत उठायचे, गॅलरीतून खाली बघायचे, पुन्हा ताटावर यायचे. सातव्या मजल्यावरून गांडूळ दिसत नाही हे त्यांनाही कळत होतं.

इकडे सूनबाईंची, शेफालीची, गांडुळं रोडावत चालली. बिचारीनं लिंबाची सालं टाकणं बंद केलं, क्रेट सावलीत सरकवला, मुंग्या येऊ नयेत म्हणून त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. तरी कमीच. शेवटी तिनं नर्सरीतून पहिल्यासारखीच नवी आणली. लाल, दोऱ्यासारखी बारीक, जरा हात लागला की तडफडणारी. ही कचऱ्यावर जगतात आबा, असं तिनं कौतुकानं सांगितलं, शेतातली जाड, करडी असतात ना, ती वेगळी. आबांनी ऐकलं आणि कानाआड केलं. गांडूळ ते गांडूळ. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्या रोहनला त्यातलं काय कळणार होतं?

एकदा त्यांचा डबा क्रेटशेजारी लख्ख घासून पालथा घातलेला दिसला. चोराच्या मनात चांदणं. चार दिवस आबांनी त्याला हात लावला नाही. मग त्यांनीच मनाची समजूत घातली, कामाला येणाऱ्या सुंदराबाईंनी घासला असेल. पाचव्या दिवशी पुन्हा लिफ्ट.

ठरल्या रविवारी तिघंही खाली उतरले. रोहननं कुदळ घेतली. आबा जागा दाखवत गेले. पहिल्या खळग्यात चिमलेली सालं निघाली, गांडूळ नाही. दुसऱ्यात नाही. चौथ्यात, सातव्यात नाही. काल टाकलेल्या ठिकाणीसुद्धा आठदहा लाल दोरे मरून पडले होते. आबांनी रोहनच्या हातून कुदळ हिसकावली, मग तीही टाकली आणि नखांनी उकरू लागले. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं. चोरी केली ती केली, आणि चोरलेलंही टिकलं नाही.

"आबा, बास करा," रोहन म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तेच आबांना सोसवेना.

एकच जागा राहिली होती, जुन्या बांधाच्या कोपऱ्यातली. दीड महिन्यापूर्वी पहिला डबा तिथं रिता झाला होता. रोहननं उपचार म्हणून कुदळ मारली. माती फुटली ती काळी, भुसभुशीत. सालांचा मागमूस नव्हता, केळ्याचं एक देठ तेवढं शिल्लक होतं. त्या देठाखालून करंगळीएवढं एक गांडूळ बाहेर आलं आणि सावकाश पुन्हा मातीत शिरू लागलं.

आबांना आनंद व्हायला हवा होता. पण रोहन गांडुळाकडे बघत नव्हता. तो देठाकडे बघत होता.

"आबा, इथं केळ्याचं देठ कुठून आलं?" त्यानं विचारलं. "घरची गांडुळं तुम्ही इथं आणून टाकलीत ना?"

आबांना खोटं बोलता येईना. त्यांनी मातीनं भरलेले हात धोतराला पुसले आणि मान खाली घातली. दहा गुंठे गेले, आणि लेकासमोरची पतही गेली.

शेफाली पुढे झाली, उकिडवी बसली. तिनं ते गांडूळ मातीसकट तळहातावर घेतलं. जाड होतं, करडं होतं, आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

"आबा रोज डब्यातून आणत होते ती माझी होती, रोहन," ती म्हणाली. "हे इथलं आहे."